होडी अजून काठालाच

३ ऑगस्ट २०२५, रविवार. कोल्ड रूम उणे अठरा.

आजपासून रोजनिशी. वही कंपनीचीच आहे, टेम्परेचर लिहायची. वेळ, तापमान, सही असे रकाने छापलेत. जुना छापा म्हणून टाकून देत होते, मी उचलली. रकाना रिकामा ठेवायला बरं वाटत नाही म्हणून तापमान लिहीत जाईन.

मोठी माणसं रोजनिशी लिहितात असं चिंतामणीकाकांनी ग्रुपवर टाकलं होतं. ग्रुप म्हणजे 'मावळ पानोपान'. व्हॉट्सॲपवर. एक्याण्णव मेंबर, तळेगाव ते लोणावळा, पार आमच्या पवनानगरपर्यंत. तिथं फक्त पुस्तकांवर बोलायचं. गुड मॉर्निंग टाकलं की काका माणूस काढून टाकतात. रिटायर व्हायच्या आधी ते लोणावळ्याला तिकिटाच्या खिडकीत होते, त्यामुळे खिडकी बंद करायची सवय आहे. मला जीनतनं आत घ्यायला लावलं. जीनत माझी बहीण. लोणावळ्यात एका हॉटेलच्या रिसेप्शनला बसते आणि गिऱ्हाईक नसलं की वाचते. तिचं म्हणणं, विशाखापट्टणमला एकटा राहून आणि रील्स बघून माझ्या डोक्याचा भुगा झालाय.

भुगा काही झालेला नाही. सातवीनंतर शाळा आणि मी, दोघांना एकमेकांची गरज राहिली नाही, एवढंच. वाचनाची आवड मला पहिल्यापासून आहे. वेळ मिळाला नाही.

संकल्प: वर्षाला पन्नास पुस्तकं. यंदाचे पाच महिने उरलेत, म्हणजे महिन्याला दहा. जमेल.

६ ऑगस्ट, बुधवार. उणे अठरा.

फिरतं पुस्तक आलं. पोस्टानं.

ही आमच्या ग्रुपची पद्धत. एकच पुस्तक, पाच जण, हातोहात. प्रत्येकानं एकवीस दिवस ठेवायचं. मनात आलं ते समासात पेन्सिलनं लिहायचं, पेन चालत नाही. शेवटच्या कोऱ्या पानावर नाव, तारीख आणि दोन ओळी लिहून पुढच्याला द्यायचं. पुस्तक कुणाचं, हा विषय ते फिरत असताना ग्रुपवर काढायचा नाही, म्हणजे लिहिताना कुणी संकोचत नाही. असे अकरा नियम ग्रुपच्या वर लिहून ठेवलेत. मी चार वाचले. नियम सगळीकडं सारखेच असतात.

पुस्तकाचं नाव 'तिसरं वल्हं'. जुनं आहे, कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलंय. पानं दोनशे छत्तीस. एका नावाड्याची गोष्ट आहे असं मागं लिहिलंय. माझे अब्बा पवना धरणात जाळी टाकतात, त्यामुळे विषय माझ्या घरचाच.

माझ्या आधी काका, तळेगावच्या शाळेतल्या शैला मॅडम आणि तिथलाच इंजिनिअर विहंग यांनी वाचलंय. माझ्यानंतर हौशीराम आबा. ते पवनानगरच्या अलीकडं राहतात. धरणाच्या पाण्यात यांचं गाव गेलं, मग त्याच पाण्यावर यांनी तीस वर्षं लोकांना होडीतून पलीकडं नेलं. काकांनी फोन करून सांगितलं की आबांना काचबिंदू आहे. उजवा डोळा गेला, डाव्यात थोडं उरलंय. किती दिवस उरेल ते डॉक्टर सांगत नाहीत. तेव्हा एकविसाचे बावीस दिवस होऊ देऊ नकोस.

मी म्हणालो, आठ दिवसांत धाडतो.

पेन्सिल हातात होतीच म्हणून शेवटच्या पानावर लिहून टाकलं. 'नवाज. वाचले. २७-८-२०२५.' शेवटची तारीख टाकली. दोन ओळी नंतर. आधीच्या तिघांनी लय लांबलचक लिहिलंय. मी मोजकं लिहिणार.

९ ऑगस्ट, शनिवार.

पान चार. नावाडी होडीचा दोर सोडतोय.

कोल्ड रूममधून आलं की तासभर बोटं आपली नसतात. पान उलटलं का दोन उलटली ते कळत नाही. मी काम करतो ते कोळंबी गोठवायच्या प्लांटमध्ये. तळेगावच्या एका ठेकेदाराबरोबर कोल्ड रूमचे पॅनल बसवायला आलो होतो. पॅनल बसले, ठेकेदार गेला, मी राहिलो. आता कार्टन आत नेऊन रचतो. इथं कुणाला मराठी येत नाही. माझ्या खोलीतला अप्पाराव तेलुगू बोलतो आणि मी मान हलवतो. दोन वर्षं झाली, भांडण नाही.

१० ऑगस्ट, रविवार. उणे सतरा, कंप्रेसर बदलला.

रविवारी प्रत्येकानं वाचलेल्यावर ग्रुपवर चार ओळी टाकायच्या असतात. माझं पान चारच होतं. चार पानांवर मत देणं हा लेखकावर अन्याय झाला असता.

मग पुस्तक नुसतंच चाळलं. समासात पेन्सिलनं बरंच लिहिलेलं आहे. नवं आहे ते आधीच्या तिघांचं, बारीक आणि गिचमिड. पण एक अक्षर जुनं आहे, मोठं, सुटं, पहिलीच्या फळ्यावरच्यासारखं. ते मला झरझर वाचता आलं. कुण्या जुन्या मालकाचं असणार. पुस्तक रद्दीतून आलेलं दिसतंय.

पान बारावर त्यानं लिहिलंय: 'वल्ह्याला रंग देत न्हाईत. हात सोलतो.'

मी ते शुद्ध केलं. 'लेखकाने वल्ह्याला रंग दिलेला दाखवला आहे. प्रत्यक्षात रंगाने हात सोलतात. अनुभवाशिवाय लेखन नको. - नवाज, विशाखापट्टणम.' मला हे नाहीतरी माहीतच होतं. अब्बांच्या वल्ह्याला रंग नाही.

पंचवीस अंगठे. आबांना टाइप करता येत नाही, त्यांचा आवाज आला. तीन सेकंद. "व्हय. हात सोलतो."

तो चारदा ऐकला. दिवसभरात कानावर पडलेलं तेवढंच मराठी.

१७ ऑगस्ट, रविवार.

आठवडाभर डबल शिफ्ट. पान सात. दोर सुटलेला नाही. या लेखकाला घाई नाही.

आज पान सत्तेचाळीसवरचं टाकलं. मूळ असं: 'पूर आला की मानूस आधी चूल उचलतो. ह्यानं पेटी उचलायला लावली.' मी त्यात 'मानवी स्वभाव' हे दोन शब्द घातले.

शैला मॅडमनी लिहिलं की हे कुठंतरी वाचल्यासारखं वाटतंय. मी आभार मानले. आपलं वाक्य मॅडमना छापील वाटावं, एवढ्या लवकर अपेक्षा नव्हती. विहंगनं विचारलं, नवाज, सध्या कितव्या पानावर. मी उत्तर दिलं की मी पानं मोजत नाही. त्यानं हसण्याचं चित्र टाकलं. इंजिनिअर लोकांना सगळं आकड्यात लागतं.

आबा: "व्हय. चूलच उचलत्यात." मग थोडा वेळ नुसता श्वास आणि मागं कुणाची तरी भांडी. सात सेकंद.

माझे आणि आबांचे विचार जुळतात हे लक्षात आलं.

२४ ऑगस्ट, रविवार.

आबांचा नंबर माझ्यानंतर. त्यांना आधीच थोडं मार्गदर्शन करावं म्हणून ग्रुपवरच लिहिलं: 'आबा, हे पुस्तक सोपे नाही. घाई करू नका. सावकाश वाचा. अडलं तर मला विचारा.'

मग काकांनी लिहिलं, 'नवाज, पुस्तक कधी पाठवतोस?' विषय काय, प्रश्न काय.

आबांचा आवाज आला. "बरं."

२७ ऑगस्ट, बुधवार. उणे अठरा.

शेवटचा दिवस. गणपती बसले, पोस्ट बंद. माझा इलाज नाही.

२९ ऑगस्ट.

पोस्ट उघडं. पण शेवटच्या पानावरच्या दोन ओळी राहिल्यात. अर्धवट पुस्तक पाठवणं नियमात बसत नाही. रविवारी ओळी लिहायच्या, सोमवारी पाठवायचं. फायनल.

१ सप्टेंबर, सोमवार.

ओळी सुचल्या नाहीत. वाचल्याशिवाय कशा सुचतील. आधी वाचायचं, मग लिहायचं, मग पाठवायचं. हाच क्रम बरोबर आहे. उगाच घाई करत होतो.

५ सप्टेंबर, शुक्रवार. उणे वीस.

पुस्तक जॅकेटच्या आतल्या खिशात घालून कोल्ड रूममध्ये नेलं. कार्टन मोजणारा येईपर्यंत दोन-चार मिनिटं मिळतात, तेवढ्यात एक पान होईल असा प्लॅन. हातमोज्यांनी पान उलटत नाही आणि हातमोजे काढले तर बोट उलटत नाही. बाहेर आल्यावर पुस्तकाला घाम आला. कडा फुगल्या. कोळंबीचं पाणी पण लागलं असावं.

फॅनखाली ठेवलं. वाळलं. थोडं जाड झालंय. वास येतो, पण इथं सगळ्यालाच येतो.

काकांचे दोन मिस्ड कॉल.

१४ सप्टेंबर, रविवार.

गेल्या रविवारी काही टाकलं नाही, आज जोरदार पाहिजे होतं. पान एकशे अठरावर सगळ्यात मोठं लिहिलंय, समास ओलांडून छापील ओळीवर आलंय: 'भागू गेली त्या दिशी हितवर आल्तो. मग तीन वर्सं हात लावला न्हाई.'

मी नाव काढलं. 'माझं अगदी जवळचं माणूस गेलं, त्या दिवशी मी या पानापर्यंत आलो होतो. पुढे तीन वर्षे पुस्तकाला हात लावला नाही. आज पुन्हा उघडले.'

टाकताना काही वाटलं नाही. साहित्यात असं चालतं.

१५ सप्टेंबर, सोमवार. उणे अठरा.

अठ्ठावन्न जणांनी हात जोडले. कामशेतच्या एका ताईंनी लिहिलं की वाचून रडू आलं. एवढा प्रतिसाद ग्रुपवर कुणालाच मिळालेला नाही.

मात्र काका, शैला मॅडम आणि विहंग यांनी एक शब्द लिहिला नाही. ज्यांनी हेच पुस्तक वाचलंय तेच गप्प. दुःखाच्या वेळी माणसं ओळखू येतात.

आबांचं 'व्हय' पण नाही. तीन वेळा बघितलं.

संध्याकाळी जीनतचा फोन. पवनानगरात बाजारात दोन बायकांनी अम्मीला थांबवून विचारलं की तुमच्यात कोण गेलं. अम्मी घाबरून घरी आली आणि तिनं सगळ्यांना एकेक करून फोन लावले. खाला, मामू, पुण्याची फुप्पी. सगळे जिवंत. फुप्पी तर चिडली. जीनतनं विचारलं, कोण गेलं रे तुझं? मी म्हणालो, तुला वाचनातलं कळत नाही. ती म्हणाली, मला वाचनातलंच कळतंय. आणि ठेवला.

१७ सप्टेंबर, बुधवार.

आबांचा फोन आला. पहिल्यांदाच. मी जेवत होतो. त्यांनी माझी चौकशी केली, खोलीत पंखा आहे का, भात खाऊन पोट दुखतं का. मग म्हणाले, "येक इचारू का? ते मानूस गेलं त्या दिशी तू जेवला व्हतास का?"

मी म्हणालो, हो.

"मी न्हवतो जेवलो," ते म्हणाले. मग ठेवतो म्हणाले.

आबांचंही कुणी तरी गेलेलं दिसतंय. योगायोग.

ताटातला भात राहिला. अप्पारावनं खाल्ला.

२८ सप्टेंबर, रविवार.

ग्रुपवर आता मी कमी बोलतो. जास्त बोलून माणसाचं वजन जातं.

विहंगनं सगळ्यांसमोर विचारलं की शेवटी नावाडी करतो ते तुला पटलं का. मी उत्तर दिलं, 'शेवट प्रत्येकाने आपापला शोधावा.' यावर शैला मॅडमनी फक्त एक टिंब टाकलं. काही उत्तरं माणसाला निःशब्द करतात.

पान अकरा. होडी काठालाच.

७ ऑक्टोबर, मंगळवार. उणे एकोणीस.

काल कोजागिरी झाली. काकांनी आज फोनवर सांगितलं की ते आबांना भेटून आले. आबांना पेपरातली ठळक अक्षरं अजून लागतात. बारीक नाही. खिडकीशी पुस्तक धरून सकाळच्या उन्हात जमेल म्हणाले, पण लवकर. काका तिकिटाच्या खिडकीतून बोलावं तसं बोलले. "नवाज, उद्या पोस्टात टाक. वाचलं नसलं तरी टाक."

वाचलं नसलं तरी, हा शब्द मला लागला. म्हणजे लागायला पाहिजे होता. मी खोलीत जाऊन झोपलो.

८ ऑक्टोबर.

पोस्टात गेलतो. पुस्तक पिशवीत होतं. लाइनीत उभा राहिलो, माझ्यापुढं एकच बाई. मनात आलं, हे असं फुगलेलं, वास मारणारं पुस्तक, आणि मागं नुसतं 'नवाज. वाचले.' आबा उघडून बघतील. काका बघतील. तारीख पण ऑगस्टची.

बाईचं झालं. मी बाजूला झालो, मागच्याला पुढं जाऊ दिलं.

पोस्टाचा भरवसा नसतो. फाटलं, हरवलं तर जबाबदार कोण? मौल्यवान वस्तू हातात नेऊन द्यावी. रजा काढतो आणि स्वतः आबांच्या हातात देतो. हा विचार आधी का सुचला नाही.

ग्रुपवर तसं जाहीर केलं. बारा अंगठे.

१२ ऑक्टोबर, रविवार.

सुपरवायझर म्हणतो रजा दिवाळीनंतर. सीझन चालू आहे. माझा इलाज नाही, हे दुसऱ्यांदा लिहितोय.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. उणे अठरा.

दिवाळी. प्लांट अर्धा दिवस. ग्रुपवर सगळ्यांनी दिवाळी अंकांचे फोटो टाकलेत. शैला मॅडमकडं सात. मी 'तिसरं वल्हं'चा फोटो टाकणार होतो, पण फोटोत ते लय जाड दिसतं.

२८ ऑक्टोबर.

वादळाचा इशारा. प्लांट बंद, बाहेर पडू नका म्हणून सांगितलंय. खोलीत दिवसभर. वाचायला याच्यापेक्षा चांगला दिवस येणार नाही. लाइट नाही. खिडकीशी धरून वाचायचा प्रयत्न केला. अक्षरं लागतात पण एकमेकांना धरून राहत नाहीत. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरतो.

याचं कारण थकवा.

३ नोव्हेंबर, सोमवार. उणे अठरा.

जीनतचा फोन. रागावलेली नव्हती, त्यामुळे बेकार वाटलं. म्हणाली, तू ग्रुपचा नियम अकरा वाचलास का? मी म्हणालो, सगळे वाचलेत. ती म्हणाली, मग आता परत वाच.

वाचला. बोट धरून वाचला. 'फिरते पुस्तक शेवटी ज्याचे त्याच्याकडे जाते. पाचवा वाचक हा नेहमी पुस्तकाचा मालक असतो. इतरांनी काय लिहिले ते तो सगळ्यात शेवटी वाचतो.'

पाचवा वाचक हौशीराम आबा.

मोठं, सुटं अक्षर.

वल्हं. चूल. भागू.

मी जीनतला विचारलं, बाकीच्यांना कधी कळलं? ती म्हणाली, पहिल्याच रविवारी, भाई. तिघांनी वाचलेलं होतं ना पुस्तक. काका तुला ग्रुपमधून काढणार होते. आबांनीच काढू दिलं नाही. म्हणाले, पोरगं लांब हाय, आनि ते माजंच मला वाचून दावतंय, त्यात तुमचं काय जातंय.

तिनं विचारलं, ऐकतोयस का?

मी म्हणालो, नेटवर्क नाही.

४ नोव्हेंबर.

उणे अठरा.

५ नोव्हेंबर.

उणे अठरा.

९ नोव्हेंबर, रविवार.

काकांनी ग्रुपवर नाही, मला एकट्याला लिहिलं. आबांना आता कॅलेंडरवरचा तारखेचा आकडा दिसत नाही. उजेड आहे का अंधार, तेवढं कळतं. काकांनी पुढं काही लिहिलेलं नाही. पूर्णविराम पण नाही.

दोनदा वाचलं. छोटं होतं, लवकर वाचून झालं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. गाडीत.

रजा मिळाली. गाडी थेट लोणावळ्यात थांबते.

प्लॅन असा. आबांच्या पाया पडायचं. पुस्तक हातात द्यायचं. म्हणायचं, 'आबा, तुमचे विचार मी जाणूनबुजून लोकांपर्यंत पोचवत होतो.' हे वाक्य चांगलं आहे. यात खोटं असं काही नाही. मग शेवटच्या पानावरच्या दोन ओळी त्यांच्यासमोरच लिहायच्या. आणि प्रवासात पुस्तक संपवून टाकायचं. दीड दिवस हातात आहे, दोनशे पंचवीस पानं, होऊन जाईल.

संध्याकाळ. समोरच्या बर्थवरच्या माणसानं विचारलं, हा वास कसला? मी पुस्तक बॅगेत ठेवलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार. लोणावळा.

उतरलो. बाहेरगावाहून आलोय तर आबांना काहीतरी न्यावं म्हणून चिक्की घेतली. जीपमध्ये बसल्यावर लक्षात आलं की मावळात माणूस चिक्की घेऊन गेला तर त्याला टुरिस्ट म्हणतात.

अम्मीनं दारातच चेहरा चाचपला, मग हात धरले. म्हणाली, हात किती गार पडलेत. मी म्हणालो, कामाचे आहेत. अब्बा जाळं विणत होते, त्यांनी मान वर करून फक्त विचारलं, "ते म्हाताऱ्याचं पुस्तक आणलंस का?" म्हणजे घरात पण सगळ्यांना माहीत.

उद्या जातो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.

तापमान माहीत नाही. सकाळी ऊन होतं.

आबा ओट्यावर बसले होते, तोंड उन्हाकडं. बाजूला अंबूबाई, त्यांची बहीण, वाल सोलत होती. ग्रुपवरचं सगळं हीच त्यांना वाचून दाखवते. माझं पण हिनंच वाचलं असणार. तिनं मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, आलं बया, वाचून झालं वाटतं. मी पाया पडलो. गाडीत ठरवलेलं वाक्य म्हणायचं राहिलं. पुस्तक मात्र हातात दिलं.

आबांनी ते उघडलं नाही. कव्हरवरून हात फिरवला, कडा दाबून बघितल्या, मग नाकाशी धरलं. "कोळंबी," म्हणाले. "लय लांब जाऊन आलं."

मी सांगितलं की ते ओलं झालं होतं. ते म्हणाले, धरणातनं वाचलेलं हाय ते, तुज्या पान्यानं काय हुतंय. गावातून निघताना चुलीसोबत ते पण उचललं होतं म्हणे. अंबूबाई म्हणाली, चूल मी उचलली व्हती, ह्यानं नुसतं पुस्तक. दोघं त्यावर बराच वेळ भांडले. मी चिक्की पुढं केली. दोघांनाही दात नाहीत.

मग आबा म्हणाले, "शेवटच्या पानावर काय लिवलंयस, तेवढं वाच."

उघडलं. काकांचं अर्धं पान. शैला मॅडमचं. विहंगचं. खाली माझं. मी वाचलं, "नवाज. वाचले. सत्तावीस आठ दोन हजार पंचवीस."

"म्होरं?"

मी म्हणालो, एवढंच आहे.

अंबूबाईच्या हातातला वाल थांबला. आबा उन्हाकडं बघत होते, म्हणजे तोंड तिकडं होतं. म्हणाले, बाकीच्याचं मला काय न्हाई. तू टाकायचास, ही वाचून दावायची, पुस्तक हितं नसताना तेवढंच माझं माझ्या कानावर यायचं. बरं वाटायचं.

"येकशे अठराचं तेवढं टाकायला नको व्हतं."

बोटं बघितली. इथं ऊन होतं तरी ती तशीच होती.

आबांनी पुस्तक माझ्या गुडघ्यावर ठेवलं. "आता वाच," म्हणाले. "पयल्यापास्नं."

वाचलं. मोठ्यानं. सातवीनंतर पहिल्यांदा कुणासमोर मोठ्यानं वाचलं. जोडाक्षर आलं की थांबायचो. आबा ते शब्द पुढून सांगायचे, त्यांना पाठ होते. मध्येच अंबूबाई म्हणाली, ह्याच्यापेक्षा मी बरी वाचते. आबा म्हणाले, तू गप, त्याचा नंबर हाय.

दुपारपर्यंत दोन पानं.

२२ नोव्हेंबर, शनिवार. उजेड होता.

आज तीन पानं. एकूण पाच. नावाडी दोर सोडतोय. आबांना मध्ये डुलकी लागली. थांबू का ते कुणाला विचारायचं कळेना, म्हणून वाचत राहिलो. जागे झाले तेव्हा कुठवर आलो ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

निघताना म्हणालो की एवढ्या रजेत पुस्तक संपवूनच जाणार, उद्यापासून स्पीड वाढवतो. आबा म्हणाले, "तूच म्हनला व्हतास. सोपं न्हाई, घाई करू नका."

एकोणतीसची परतीची गाडी. सात दिवस हातात आहेत. पानं राहिली दोनशे एकतीस. म्हणजे रोज तेहेतीस.

जमेल.